रोशाचा वास

नाना,

परवा इथे न्यू जर्सीत, आयसेलिनला, साड्यांच्या दुकानांच्या रांगेपलीकडे वाइनचं दुकान आहे तिथे गेले होते. एक बाटली दिसली आणि तुमच्याशी अर्धवट राहिलेलं भांडण आठवलं. बाटली तोरोन्तेसची. अर्जेंटिनाच्या उत्तरेला, अँडीजच्या डोंगरांत साल्ता नावाचा प्रांत आहे, तिथली ही पांढरी वाइन. आता ती हात पोचेल अशा फळीवर सहज ठेवलेली असते. खाली कार्ड लावलं होतं: मोगरा, पीच, संत्र्याची साल. दुकानदार हैदराबादचा आहे. मला आंटी म्हणतो. त्यानं मला समजावून सांगितलं, आंटी, ही फार फ्लोरल आहे, तुम्हाला आवडेल. मी मान डोलावली. ही वाइन पहिल्यांदा इकडे आणण्यासाठी मी कुणाकुणाशी भांडले, हे त्याला सांगत बसले नाही. पण घरी आल्यावर चैन पडेना. मोगरा नाही हो तो, मोगरा नाही. मोगरा कुणीही म्हणेल. तेव्हा आज कागद घेऊन बसले आहे. माफी मागायला बसलेले नाही हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही चष्मा कपाळावर चढवून, हाताची घडी घालून, माझी वाट बघत बसाल.

एडिसनच्या त्या घरातलं स्वयंपाकघर मला आजही डोळे मिटून फिरता येईल. रविवारी सकाळी आई देवळात भजनाला गेली की तुम्ही टेबल पुसून घ्यायचे आणि लॅबमधून आणलेल्या कागदाच्या अरुंद पट्ट्या मांडायचे. आपल्या ओळखीतले सगळे काका डॉक्टर नाहीतर इंजिनियर होते, त्यामुळे तुम्ही नक्की काय करता हे कुणाला कळायचं नाही. तुम्ही स्वाद बनवायचे. च्युइंगगमचा, टूथपेस्टचा, सरबताचा. आंबा नसताना आंबा, स्ट्रॉबेरी नसताना स्ट्रॉबेरी. मी नऊ-दहा वर्षांची आहे, खुर्चीवर पाय दुमडून बसले आहे, डोळ्यांवर आईची ओढणी बांधली आहे. तुम्ही पट्टी माझ्या नाकाखाली धरता. मी लगेच म्हणते, लवंग. तुम्ही पट्टी काढून घेता. म्हणता, लवंग हे दुकानातलं नाव झालं. तुला तो वास कुठे आला होता ते सांग. आधी जागा, मग नाव. मी बराच वेळ विचार करून म्हणते, डेंटिस्टकडे. आणि तुम्ही इतके खूश होता की नियम मोडून मला पावाला लोणी लावून वर साखर घालून देता. त्या दिवसापासून मला वासाची जागा सापडल्याशिवाय नाव घेता येत नाही. नवरा म्हणतो की तू भाजी घ्यायला गेलीस तरी कोथिंबिरीची चौकशी करत बसतेस. तुमचीच कृपा.

तुमच्या हिशेबानं पुढचं सगळं ठरलेलं होतं. मी केमिस्ट्री घ्यायची, डिग्री मिळाली की तुमच्याच कंपनीत, तुमच्या शेजारच्या बाकावर उभं राहायचं. केमिस्ट्री मी घेतली. बाकही तुम्ही सांगून ठेवला होता. पण त्या उन्हाळ्यात मी एलिझबेथ गावाच्या बंदराजवळ एका छोट्या वाइन इम्पोर्टरकडे कस्टमचे कागद टाइप करायला लागले होते, दोन महिन्यांसाठी म्हणून. मालकीणबाई इटालियन घरातल्या, साठीच्या, नवऱ्यामागे एकटीनं धंदा सांभाळणाऱ्या, एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटवणाऱ्या. एके दिवशी त्या गिऱ्हाइकाला एक वाइन ओतून देत होत्या आणि मी सहज बोलून गेले की हिला आमच्या तळघरातल्या ओल्या खोक्यांचा वास येतोय. बाटली खराब निघाली होती. बुचामुळे तसं होतं, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं. गिऱ्हाईक गेल्यावर बाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, तुला हे कसं कळलं. त्यांना स्वतःला काहीच कळलं नव्हतं. सिगारेटींनी त्यांचं नाक गेलं होतं आणि ही गोष्ट त्यांनी सगळ्या जगापासून लपवली होती. दुसऱ्या दिवशी माझा टाइपरायटर उचलून कोपऱ्यात गेला आणि मी त्यांच्या शेजारी चाखायच्या टेबलाशी उभी राहिले. बाक मिळाला, नाना, फक्त तुम्ही सांगून ठेवलेला नाही.

मी घरी सांगितलं तेव्हा तुम्ही वरणभात कालवत होता. हात थांबला. आई म्हणाली, जेवण होऊ दे आधी. तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "हे नाक मी गुत्त्यासाठी घडवलं नाही." मी म्हणाले, "नाक माझं आहे, नाना." तेवढंच. पण ते शब्द मी घरात पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं उच्चारले असतील, कारण आईच्या हातातला डाव भांड्यात पडला. मग तुम्ही नियम घालून दिला की या घरात बाटली येणार नाही आणि त्या विषयावर बोलणं होणार नाही. चारचौघांत कुणी विचारलं की तुम्ही घाईनं सांगायचे, ती इम्पोर्ट-एक्स्पोर्टमध्ये आहे.

तेव्हा जे बोलले नाही ते आता बोलते. तुमच्या लॅबमध्ये अल्कोहोलचे ड्रमच्या ड्रम असायचे. तुमचे सगळे स्वाद त्यातच विरघळायचे. संध्याकाळी तुमच्या शर्टाला त्याचा वास यायचा आणि तो वास म्हणजे नाना घरी आले, असं माझं लहानपणापासूनचं गणित होतं. गॅरेजमध्ये तुमची काचेची भट्टी होती, परसातल्या गुलाबांचं गुलाबपाणी काढायची. भट्टी ती भट्टीच. मी बरीच वर्षं शोधत होते की तुमच्या या रागामागे काहीतरी मोठं दुःख असेल, घरात कुणीतरी दारूनं गेलं असेल. तुम्ही गेल्यावर आपल्या गावी, शहाद्याला, आत्याकडे गेले तेव्हा तिला खोदून खोदून विचारलं. ती हसली. म्हणाली, काही नाही गं, आपल्याकडे घेत नाहीत, एवढंच. एवढंच! एवढ्यासाठी तुम्ही माझ्याशी दीड वर्ष धड बोलला नाहीत. कारण असतं तर मी कदाचित समजून घेतलं असतं. नव्हतं, म्हणून मला अजून राग येतो.

आता त्या वाइनचं. एक अर्जेंटिनाचा माणूस बाईंकडे तीन बाटल्या घेऊन आला होता. साल्ता प्रांतातल्या काफायातेच्या खोऱ्यातली वाइन. तिथली जमीन सपाट, पण आपल्या कळसूबाईच्या डोक्यापेक्षाही उंचावर. तो न्यूयॉर्कभर फिरून आला होता आणि कुणी उभं केलं नव्हतं. तेव्हा अमेरिकेत पांढरी वाइन म्हणजे शार्डने, नाहीतर पांढरी म्हणून विकली जाणारी ती गोड गुलाबी. अर्जेंटिनात पांढरी होते हेच लोकांच्या गावी नव्हतं. त्यानं ग्लासात ओतली, मी नाक घातलं. वास इतका दाट, इतका गोड, की तोंडात साखरच यावी. आणि घोट घेतला तर गोडाचं नाव नाही. कोरडी, चटकदार, आणि गिळल्यावर मागे किंचित कडू. मला ती हवी होती. आजवर मी बाईंनी आणलेल्या बाटल्या हुंगत होते. ही मी शोधलेली असणार होती. बाईंनी माझा चेहरा पाहिला. त्यांना स्वतःला वास काहीच येत नव्हता. म्हणाल्या, याचा वास कशासारखा आहे ते मला एका ओळीत सांग, जी ओळ मी हॉटेलवाल्यांना सांगू शकेन. फुलं-बिलं नको, फुलं सगळेच सांगतात. सोमवारी हा माणूस उत्तरासाठी येईल. ओळ असेल तर घेऊ, नसेल तर जाऊ दे.

आणि मला ती ओळ सापडेना. चार दिवस मी दुसरं काही केलं नाही. थोडे धणे होते त्यात, कच्चे, चुरडलेले, ते पहिल्याच दिवशी कळलं. त्यांची जागाही कळली: आईची मसाल्याची फळी. पण धण्यांच्या मागे जे होतं, गुलाबासारखं पण गुलाब नाही, हिरवं, गवताळ, जरासं औषधी, ते माझ्या ओळखीचं होतं. फार जुन्या ओळखीचं. मी डोळे मिटायची, जागा शोधायची, आणि जागा यायची नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तुमचा नियम माझ्या उपयोगी पडत नव्हता. दोन बाटल्या त्यात संपल्या. न्यू जर्सीत हा वास ओळखू शकेल असं एकच नाक होतं आणि ते माझ्याच घरात वरच्या मजल्यावर झोपत होतं, आणि त्याला विचारायची मला बंदी होती.

शुक्रवारी मी तिसरी बाटली घरी आणली. हो, तुमच्या घरात. उंच हिरवी बाटली फ्रिजमध्ये दिसली असती, म्हणून गॅरेजमधली तुमची एक तपकिरी काचेची बाटली घेतली, धुतली, तिच्यात भरली, आणि फ्रिजच्या दारात मागे सारून ठेवली. उरलेली गाडीच्या डिकीत. तुमच्या लॅबच्या त्या तपकिरी बाटल्या घरभर होत्या. हिंगाचं पाणी त्यात, केवडा त्यात, व्हॅनिला त्यात. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. बेत असा होता की शनिवारी तुम्ही घरी नसताना शांतपणे हुंगत बसायचं. पण शनिवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती, कारण रविवारी आपल्याकडे सत्यनारायण होता.

चाळीसेक माणसं आली होती. बुटांचा ढीग दाराबाहेर, पॅसेजमध्ये साड्यांची सळसळ, मुलं तळघरात टीव्हीसमोर. गुरुजी इतर दिवशी रस्ते बांधणीच्या खात्यात इंजिनियर होते, पाचही अध्याय त्यांनी घड्याळ बघत वेळेत संपवले. आपल्याकडच्या तीर्थाचं नाव होतं, नाना. दूधदह्याचं पंचामृत वेगळं असायचं, आणि तीर्थाच्या पाण्यात तुळस आणि तुम्ही स्वतः काढलेलं गुलाबपाणी, एक चमचाभर. लोक मुद्दाम त्याचं कौतुक करायचे. त्या दिवशी तुम्ही पाटावर अडकलेले, आरती सुरू व्हायची, म्हणून आईनं उठून फ्रिजमधून बाटली आणली आणि माणसं जास्त म्हणून सगळीच्या सगळी तांब्यात ओतली. कुठली बाटली ते तुम्हाला ठाऊक आहे. ही चूक दुसऱ्या कुणाच्या घरात होणंच शक्य नव्हतं. पुढे नवऱ्याला, मैत्रिणींना मी ही गोष्ट कितीदा तरी सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी लोक पोट धरून हसले आहेत.

पण तुमचा चेहरा मी कुणाला सांगितला नाही. आरती झाली, गुरुजींनी पहिली पळी तुमच्या हातावर घातली. तुम्ही हात ओठांशी नेलात आणि थांबलात. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. तुम्ही ते लगेच गिळलं नाहीत. तोंडात धरलंत आणि दातांच्या फटीतून जरासा श्वास आत ओढलात. तो आवाज कुणाला ऐकू गेला नसेल, गेला असला तरी कळला नसेल. मला कळला, कारण तो मला तुम्हीच शिकवला होता. सोवळ्यात, कपाळाला गंध लावून, देवासमोर बसून तुम्ही वाइन चाखत होता. मग गिळलंत. मग मान वर करून मला शोधलंत. आपली नजरानजर झाली. मी नजर खाली घेतली नाही, हे मला नीट आठवतं आणि मला त्याचा अभिमान आहे.

तुमच्यापुढे रस्ते दोन होते. चूक झाली म्हणून तांब्या बेसिनमध्ये ओतायचा आणि चाळीस माणसांना सांगायचं की यात काय होतं आणि ते घरात कुणी आणलं. किंवा गप्प बसायचं. तुम्ही पळी उचललीत आणि वाटायला लागलात. एकेकाच्या हातावर, शांतपणे, मंत्र पुटपुटत. तुम्हाला कळलंच नव्हतं असं आता म्हणू नका. तळघरातून मुलांची रांग आली तेव्हा तुम्ही आईला म्हणालात, मुलांना पंचामृतच दे, तीर्थ संपत आलंय. तांब्या अर्ध्याहून जास्त भरलेला होता, मी बघितला. शेजारच्या ताईंना दिवस गेले होते, त्यांनाही तुम्ही पंचामृत दिलंत. गोळ्या चालू असलेल्या एका काकांनाही. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, याचा विचार करण्याइतकं तुमचं डोकं ताळ्यावर होतं. बाकी सगळ्यांनी घेतलं. हृदयरोगाचे डॉक्टर असलेले एक काका तर परत फिरून रांगेत उभे राहिले.

मी शेवटी आले. हात पुढे केला, डाव्यावर उजवा ठेवून, नीट, तुम्ही शिकवला तसा. तुम्ही पळी बुडवलीत आणि क्षणभर हवेत धरून ठेवलीत. मला वाटलं, मला वगळणार. तेवढ्यात मागून एक काकू म्हणाल्या, "अहो नाना, यंदाचं तीर्थ एकदम वेगळं झालंय हं. गुलाब चेंज केलात का? रेसिपी द्या." तुम्ही त्यांच्याकडे वळला नाहीत. माझ्याकडेच बघत होता. पळी माझ्या हातावर रिकामी केलीत आणि म्हणालात, "गुलाब नाही. रोशा. आमच्या सातपुड्यातलं गवत आहे."

रोशा. तो शब्द मी तोपर्यंत तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पण तो कानावर पडला आणि मी एडिसनमध्ये उरले नाही. मी पाच वर्षांची आहे, शहाद्याला, उन्हं कलली आहेत, तुमची आई बाजेवर बसून लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेते आहे आणि मी वाटीतलं कोमट तेल तिच्या गुडघ्याला चोळते आहे. त्याला घरात सगळे गुडघ्याचं तेल म्हणायचे, म्हणून मला नाव कधी कळलंच नाही. ते रोशाचं तेल होतं. तुमच्या चुलत्यांकडे डोंगरात त्या गवताची भट्टी होती हे आत्यानं मला पुढे सांगितलं, तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत तिथे जाऊन बसायचे हेही. आधी जागा, मग नाव, हा तुमचा नियम. आयुष्यात एकदाच माझ्या बाबतीत उलटं झालं. नाव आलं, आणि मागोमाग जागा आली, माणसांसकट. मी तीर्थ प्यायले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं, मुलगी किती भाविक आहे.

चार वाजता सगळे गेले. आई पाठ टेकायला वर गेली होती. तुम्ही सोवळं बदलून, बाह्या सरसावून देवाची भांडी घासत होता. मी पुसायचं फडकं घेऊन शेजारी उभी राहिले. तांब्या माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "पुन्हा माझ्या बाटलीत भरायचं नाही." मी म्हणाले, बरं. मग तुम्ही पंचपात्र घासता घासता, माझ्याकडे न बघता, लॅबमध्ये एखाद्या हाताखालच्या माणसाशी बोलावं तशा आवाजात म्हणालात, "मागून कडू येतं. ते कुणाला काढायला सांगू नकोस. वास गोड आणि चवही गोड, ते च्युइंगगम. मी जन्मभर तेच केलंय." नळ बंद केलात, हात पुसलेत, आणि पेपर घेऊन बाहेर गेलात.

सोमवारी मी बाईंना ओळ दिली. तुमच्या लॅबच्या जाड पुस्तकात रोशाचं इंग्रजी नाव शोधून ठेवलं होतं, पामारोजा. उंचावरच्या हवेतलं पामारोजाचं गवत, चुरडलेले धणे, आणि शेवटी मुद्दाम राखलेला कडवटपणा. बाईंनी धूर सोडत विचारलं, हे पामारोजा कुणी बघितलंय का अमेरिकेत? मी म्हणाले, माझ्या वडलांनी. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे, कुणाला माहीतच नाही म्हटल्यावर चूक आहे असं कोण म्हणणार. आणि त्यांनी त्या माणसाला हो सांगितलं. थोड्याच पेट्या मागवल्या, त्याही विकायला वर्ष लागलं. मॅनहॅटनच्या हॉटेलांच्या मागच्या दारांशी मी ते गवत किती लोकांना समजावून सांगितलं असेल त्याला गणती नाही. पण ती विकली. पुढे बाईंचा धंदा मीच चालवला. या देशात त्या खोऱ्यातली वाइन हात पोचेल अशा उंचीवर येण्यात माझा हात आहे, आणि हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाही.

तुम्ही त्यानंतर दोन वर्षांनी गेलात. त्या दोन वर्षांत आपण त्या तीर्थाबद्दल एक अक्षर बोललो नाही. तुम्ही लोकांना इम्पोर्ट-एक्स्पोर्टच सांगत राहिलात. मला हे मान्य नाही, नाना, आजही नाही. चाळीस माणसांच्या हातावर तुम्ही स्वतःच्या हातानं घातलीत, वासाचं नाव घेतलंत, कडू राहू दे म्हणालात, आणि तरी एकदासुद्धा म्हणाला नाहीत की पोरी, चांगलं काम करतेस. अब्रू वाचवायला गप्प बसलात की माझ्यासाठी, हे मी ठरवू शकत नाही आणि तुम्ही ते ठरवायला मला मदत केली नाहीत. मी काफायातेला गेले तेव्हा तिथे जुन्या वेली मांडवावर चढवलेल्या पाहिल्या, अगदी आपल्या नाशिककडच्या द्राक्षांसारख्या. मांडवाखाली उभी राहून हात वर केला की घड हाताला लागतात. ऊन असं की कातडी भाजते, आणि सावलीत गेलं की स्वेटर लागतो. मी एक मणी तोडून चावला आणि मोठ्यानं म्हणाले, रोशा. शेजारी उभ्या असलेल्या बागाइतदारानं विचारलं काय म्हणालीस. मी म्हणाले, वडलांशी बोलत होते.

हे कागद मी वाइन चाखण्याच्या वहीत ठेवून देणार आहे, जिथे पहिल्या पानावर ती ओळ आहे. पण वही मिटण्याआधी एक सांगायचं आहे. ही गोष्ट मी नेहमी आईची चूक म्हणून सांगत आले. आई त्या वर्षीच्या तीर्थाची आठवण शेवटपर्यंत काढायची, नानांचं गुलाबपाणी तसं पुन्हा कधी झालं नाही म्हणायची, आणि मी हो म्हणायची. नाना, आईनं फ्रिज उघडला तेव्हा मी मागेच ओट्याशी काकडी चोचवत होते. दारात दोन तपकिरी बाटल्या होत्या. तुमच्या बाटलीला तुमच्या अक्षरातली चिकटपट्टी होती, माझी कोरी होती. आईचा हात कोऱ्या बाटलीवर गेला. आई, ती नव्हे, एवढंच म्हणायचं होतं. मी सुरी खाली ठेवली, तोंड उघडलं, आणि मिटलं. आईची माफी मागायला हवी होती, ती राहिली. तुमची मागत नाही. मला त्या वाइनवर तुमचं नाक हवं होतं आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्याच वाटेनं ते दिलं नसतं. पुन्हा तो रविवार आला, तर मी पुन्हा काकडीच चोचवत राहीन.